शरयूसाठी लांब केलेली खोली

संगणक सुरू झाला की माझ्या मुलीचे, शरयूचे, हात मनगटापर्यंत काचेचे होतात आणि डोकं दुखायला लागतं. बंद केला की तासाभरात पूर्ववत होतात. डॉक्टरांनी तिच्या तळहातातून भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं आणि विश्रांती घ्यायला सांगितलं. तिने दोन वर्षं विश्रांती घेतली.

शरयू मोडी वाचते. आमच्या गडहिंग्लजमध्ये तिच्याइतकं सराईत वाचणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. त्यामुळे सोमवारी सकाळी हरळवाडीच्या अक्काताई कांबळे आमच्याकडेच आल्या. फडक्यात गुंडाळलेला जुना कागद त्यांनी टेबलावर उलगडला. गावचा झरा सगळ्या गावाचा आहे असं त्यात लिहिलंय, हे त्यांना सासऱ्यांनी सांगितलं होतं. आता झऱ्याला कुणीतरी कुंपण घातलं होतं. गुरुवारी अकराला सुनावणी होती.

शरयूने कागद वाचला. "तसंच लिहिलंय," ती म्हणाली. "हातानं उतरवून दिलं तर चालेल?"

"टाइप केलेलंच मागत्यात, पोरी. हातचं घेत न्हाईत. अन् ज्यानं वाचलं त्यानंच टाइप कराया पायजे म्हंत्यात."

काचेच्या बोटांनी कळ दाबली तर बोट तडकेल, ही भीती होती. शरयूने माझ्याकडे पाहिलं. मी चाळीस वर्षं वायरमन आहे.

"तू हो म्हण," मी म्हणालो. "बसायची सोय मी करतो."

त्याच दिवशी मी वायफायचा डबा काढून टाकला. मागच्या अंगणात खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली, मीठ-कोळसा भरला आणि नवं अर्थिंग ओढलं. कीबोर्ड वायरचा आणला. संगणकाचा डबा पलीकडच्या खोलीत नेला. काच मनगटावरून खाली उतरली आणि बोटांवर थांबली.

उरलेला त्रास स्क्रीनचा होता. ती मी चाकांच्या स्टँडवर बसवली आणि शरयूपासून लांब सरकवली. भिंतीपर्यंत पोचलो तेव्हा तिचे दोन्ही अंगठे परत आले होते. मी आणखी जोर लावला. भिंत मागे सरकली.

मंगळवारी संध्याकाळी खोली साठ फूट लांब झाली. लांबी कुठून तरी यायलाच हवी, म्हणून रुंदी कमी होत गेली. दहा फुटांची सात, मग चार. मी टेबलाच्या कडा रंध्याने तासल्या, खुर्चीचे हात कापले आणि स्क्रीनवरची अक्षरं मोठी केली.

बुधवारी शेजारचे नूलकर मास्तर आले.

"वायरमन, तुमची खोली आमच्या स्वयंपाकघरातून गेलीय."

"कुठपर्यंत?"

"ओट्याच्याही पुढे. ही वाकून पोळ्या लाटतेय."

मी त्यांना भिंतीवरची, वायर झाकणारी केसिंग पट्टी दाखवली. दोनशे फुटांत कुठे बाक नव्हता. मास्तरांनी एक डोळा मिटून पाहिलं.

"सरळ आहे," ते म्हणाले आणि घरी गेले.

त्या दुपारी शरयूने पहिली ओळ टाइप केली. "बाबा, डोकं दुखत नाहीये," ती म्हणाली. दोन वर्षांत हे वाक्य घरात कुणी ऐकलं नव्हतं. मी पाठ फिरवून पक्कड शोधू लागलो. पक्कड माझ्या हातातच होती.

गुरुवारी सकाळी फक्त उजवी करंगळी काचेची उरली.

"एंटर दाबायला तीच लागते," शरयू म्हणाली.

"तू टाइप करत राहा. मी पुढे जातो."

मी स्टँड ढकलत निघालो. आता भिंती दोन्ही खांद्यांना घासत होत्या. मला मागे वळता येत नव्हतं. शाळेची भिंत सरकली, बाजारातली दुकानं सरकली. मागून कळांचा आवाज मात्र स्पष्ट येत होता. माझ्या वायरिंगमधून तो जराही गळत नव्हता.

"बाबा, करंगळी आली!" तिने हाक मारली. मी तरीही ढकललं, कारण पुढची भिंत आपणहून सरकत होती.

ती सरकली आणि समोर सुनावणीची खोली होती. खुर्चीत अधिकारी होते. एका बाजूला अक्काताई आणि हरळवाडीचे लोक उभे होते. स्क्रीनवर शरयूची अक्षरं एकेक करून उमटू लागली आणि लोक ती मोठ्याने वाचू लागले. झरा समस्त गावचा. कोणी अडवू नये. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. मग त्यांनी वाकून माझ्या मागे, खोलीत लांबवर पाहिलं.

"वाचन कुणाचं?"

"माझ्या मुलीचं."

"आणि ही एवढी सोय कुणी केली?"

"मी," मी म्हणालो.

माझी छाती फुगली. आधी डाव्या भिंतीला टेकली, मग उजव्या. मागे शरयू पुढची ओळ टाइप करत होती, आणि पुढचा श्वास घ्यायला जागा नव्हती.