रत्नाबाईंनी आधीच दिलेलं मत

मी एक घडीची खुर्ची बोलतेय. सागवानी पाय, कॅनव्हासची बैठक आणि उचलायला एक पितळी कडी, एवढाच माझा देह. सिंगापुरातल्या सेंगकांगच्या एका फ्लॅटमध्ये दाराशी मी उभी असते.

माझा जन्म इथल्याच सेम्बावांगच्या गोदीतला. मनोहरराव तेव्हा मालवाहू जहाजावर इंजिनिअर होते. जहाज दुरुस्तीला लागलं होतं आणि रत्नाबाई पहिल्यांदाच नवऱ्याबरोबर सफरीला निघाल्या होत्या. डेकवर बायकोला बसायला काही नाही, म्हणून त्यांनी उरलेल्या फळ्यांमधून मला तयार केलं. त्यांचा हात इंजिनाला सरावलेला, लाकडाला नव्हे. माझा एक पाय आजही किंचित आखूड आहे.

पुढे दोघं ऑस्ट्रेलियात, फ्रीमँटलला स्थायिक झाली, तिथली नागरिक झाली. मीही गेले. तिथे मत देणं सक्तीचं असतं. दर निवडणुकीला मनोहरराव समुद्रावर असायचे आणि रत्नाबाई शाळेच्या हॉलमध्ये जाऊन मत देऊन यायच्या. घरातलं मतदान हे त्यांचंच खातं होतं.

त्यांची मुलगी निशिगंधा सिंगापूरला बँकेत नोकरीला लागली, तेव्हा तिच्या सामानातून मी इथे आले. इथल्या फ्लॅटमध्ये हल्ल्याच्या वेळी लपायला एक बॉम्बशेल्टर असतं. बॉम्ब काही पडत नाहीत, म्हणून लोक तिथे सुटकेसेस, तांदूळ आणि नकोशा वस्तू ठेवतात. मी कित्येक वर्षं त्या जाड दाराआड होते.

मग रत्नाबाई विसरू लागल्या. आधी गॅस, मग शेजाऱ्यांची नावं, मग सकाळी काय खाल्लं ते. निशिगंधाने आईवडिलांना वर्षभरासाठी आपल्याकडे बोलावून घेतलं. ते २००७ साल होतं. नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियात निवडणूक होती आणि परदेशात असलेल्यांना त्या देशाच्या वकिलातीत, म्हणजे हायकमिशनमध्ये, जाऊन आधीच मत देता येत होतं.

"बाबा, तुम्ही जाऊन या," निशिगंधा म्हणाली. "आईला कशाला त्रास? तिला कोण उभं आहे ते तरी लक्षात राहील का?"

रत्नाबाई पेपर वाचत होत्या. त्यांनी तो खाली ठेवला.

"मी रोज वाचतेय," त्या म्हणाल्या. "कोणाला द्यायचं ते ठरलंय माझं. आज मला माहीत आहे. मतदानाच्या दिवशी माहीत असेल, याची खात्री नाही. म्हणून मला आधीच जायचंय."

निशिगंधाने आपली बॅग उचलली. ती तांजोंग पगारला ऑफिसात निघून गेली. मनोहररावांनी शेल्टर उघडलं, माझ्यावरची धूळ पुसली आणि आम्ही तिघं टॅक्सीत बसलो.

हायकमिशनच्या दारात सुरक्षारक्षकाने मला यंत्रातून सरकवलं. माझ्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. आत छोटी रांग होती. रत्नाबाई माझ्यावर बसल्या आणि रांग सरकेल तशी त्यांनी मलाही पुढे सरकवत नेलं. वाटेत त्या नवऱ्याला समजावत होत्या.

"हिरव्या मतपत्रिकेवर सगळ्या चौकटींत पसंतीचे आकडे लिहायचे. एकही रिकामी सोडायची नाही. फुली मारू नका हं. मत बाद होतं."

"बरं," मनोहरराव म्हणाले. जन्मभर जहाजांची इंजिनं चालवलेला तो माणूस विद्यार्थ्यासारखा ऐकत होता.

मेजापाशी बसलेल्या तरुणीने रत्नाबाईंना नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. मग तिने पत्ता विचारला, आणि रत्नाबाई थांबल्या.

ओठ हलले, पण रस्त्याचं नाव येईना. मनोहरराव बोलायला पुढे झाले. रत्नाबाईंनी त्यांचा हात धरला. "थांबा."

त्यांनी डोळे मिटले. त्यांचं अंग ताठ झालेलं मला कळत होतं. मग त्या मराठीत पुटपुटू लागल्या, "स्टेशन. मग बेकरी. बेकरीवरून डावीकडे... उतार... पोस्टाची पेटी..." मागे उभा असलेला एक माणूस घड्याळ बघत होता, त्यानेही मनगट खाली केलं.

"विलो स्ट्रीट," त्यांनी डोळे उघडले आणि घराचा नंबरही सांगितला.

तरुणीने यादीत खूण केली. "या निवडणुकीत तुम्ही याआधी मत दिलंय का?"

"नाही," रत्नाबाई इंग्रजीत म्हणाल्या. "म्हणूनच तर आले आहे."

पुठ्ठ्याच्या आडोशामागे मला ठेवलं गेलं आणि त्या माझ्यावर बसल्या. त्यांना बराच वेळ लागला. मदत हवी का, असं कुणीतरी विचारलं. त्यांनी नको म्हटलं. पेन्सिल थांबत होती, पुन्हा चालत होती. मेजाखालून मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. त्यांनी कोणाला मत दिलं, हे मला ठाऊक नाही.

बाहेर आल्यावर मनोहररावांनी विचारलं, "जमलं?"

"जमलं. तुमचं?"

"सगळ्या चौकटी भरल्या," ते म्हणाले. ते त्यांचं पहिलंच मतदान होतं.

नंतर खऱ्या मतदानाचा शनिवार उजाडला. रत्नाबाई सकाळीच इस्त्रीची साडी नेसून, पर्स घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या. "चला, उशीर नको. आज मतदान आहे ना?"

निशिगंधाच्या हातातला कप तसाच राहिला. तिने वडिलांकडे पाहिलं. मनोहररावांनी मला उघडलं आणि बायकोला बसवलं.

"तू दिलंयस मत. आधीच जाऊन दिलंस. मला शिकवलंसही."

रत्नाबाई आठवू पाहत होत्या. आठवेना. "कोणाला दिलं मी?"

"ते मला कसं माहीत असणार? मत तुझं होतं."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"नाही."

 रत्नाबाई पर्स मांडीवर ठेवून म्हणाल्या, "बरं केलंत."

निशिगंधा त्यांच्यापाशी जमिनीवर बसली. संध्याकाळी निकाल लागला, तेव्हा तिघं एकत्र टीव्ही बघत होती. रत्नाबाई सगळ्याच उमेदवारांकडे सारख्याच कुतूहलाने पाहत होत्या.

त्याला आता दोन वर्षं झाली. दोघं इथेच राहिली. रत्नाबाईंना आता आपलं नावही कधीकधी सापडत नाही. मला पुन्हा शेल्टरमध्ये कोणी ठेवलेलं नाही. सकाळी त्या माझ्यावर बसून चपला घालतात आणि फिरायला जातात. माझा कॅनव्हास उसवत चालला आहे, तो एक दिवस फाटेल. तोवर माझी एवढीच विनंती: ज्याला उभं राहवत नाही, त्याला बसायला द्या, आणि ज्याला आठवायला वेळ लागतो, त्याच्याऐवजी उत्तर देऊ नका.