मेण कसलं पाप करणार?

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. अग्निबाबांनी तळहातावर तपकिरी चकती ठेवली आणि तिच्यावर बर्नरची निळी ज्वाला सोडली. चकती रसरसली, धूर निघाला. बाबा आपले हसतच होते.

"मन निर्मळ, तर अग्नी शीतळ! भाजतो तो पाप्याचाच हात!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागे उभ्या असलेल्या, एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईंनी मात्र मान खाली घातली. बाबा म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचा नवरा. अवकाशयानाची उष्णतारोधक कवचं बनवणाऱ्या त्या कारखान्यातली ही टाकाऊ चकती बाईंनीच त्यांना दिली होती, शेगडीखाली ठेवायला म्हणून. पुढे बाबा तिच्यावर चमत्कार दाखवतात हे कळलं, पण बहिणीच्या संसाराकडे बघून त्या मूग गिळून बसल्या.

मग बाबांनी एका शिवणकामवालीला पुढे बोलावलं. नवऱ्याला तिचा संशय येत होता. तिच्या हातावर तशीच दिसणारी चकती ठेवली, ज्वाला सोडली, आणि ती किंचाळली. चकती वितळून तळहाताला चिकटली होती.

"बघितलंत?" बाबा गरजले. नवऱ्याने तोंड फिरवलं.

बाईंनी धावत जाऊन तिचा हात नळाखाली धरला. डॉक्टरांना बोलावणं गेलं.

"माझ्याकडून नकळत काही पाप घडलं असेल का हो?" ती रडत विचारत होती.

बाई तडक मंचावर चढल्या आणि बाबांच्या पिशवीतून दोन्ही तऱ्हेच्या चकत्या काढल्या.

"बहिणीचा संसार मोडशील!" बाबा पुटपुटले.

"आणि टिकवायला दुसरीचा हात जाळू?"

त्यांनी चकत्या चिमट्यांत धरल्या, मागे मेणाचे तुकडे चिकटवले आणि ज्वाला सोडली. एका चकतीमागचं मेण तसंच राहिलं. दुसरी चकती मेणासकट पाघळली.

"मेण कसलं पाप करणार? दोन्ही चकत्या राळेच्याच, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकच्या. पहिल्या राळेच्या रेणूंची वीण घट्ट. ती वितळत नाही, तिचा कोळसा होतो. आतून निघणारा वायू उष्णता बाहेर ढकलतो, उरलेली उष्णता कोळशाचा थर अडवतो. तोही थोडाच वेळ, म्हणून बाबा ज्वाला लगेच विझवतात. दुसरी राळ तापली की वितळते. निवाडा राळेचा होता, चारित्र्याचा नव्हे!"

नवरा बायकोजवळ येऊन उभा राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बाईंना म्हणाली,

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो. महिनाभर."

मग बाई लोकांकडे वळल्या. "चमत्कार दिसला की आधी विचारा, हे कसं झालं? आणि ज्याला ठाऊक आहे, त्याने माझ्यासारखं गप्प बसू नये."