दोष होल्डरचा नाही

मी बाटलीचा होल्डर बोलतोय, भैरवीच्या सायकलवरचा. गोड बोलेन अशी आशा ठेवू नका, माझं डोकं तापलंय.

भैरवी दारव्ह्याची. तिथून नऊ किलोमीटरवर एका खेड्यातल्या शाळेत ती कंत्राटी शिक्षिका आहे. रस्ता म्हणजे नुसते दगड, म्हणून तिनं जाड टायरची डोंगरी सायकल घेतली. ती उंचीला कमी, म्हणून सायकलही लहान मापाची. दांड्यांच्या मधे धक्के झेलणारी जाडजूड स्प्रिंग ठाण मांडून बसलेली. उरलेली जागा वीतभर, आणि तिथं होल्डर बसवायचा!

बसवायलाच हवा होता. जानेवारीत भैरवीला मुतखड्याचा त्रास झाला. डॉक्टर म्हणाले, दिवसाला तीन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे. तिचे वडील चारुदत्त काका, ऑफिसातून रिटायर झालेले, शिस्तीचे. त्यांनी जाहीर करून टाकलं की पुन्हा दुखलं तर नोकरी बंद. बीएड करून चार वर्षं घरी बसल्यावर मिळालेली नोकरी होती ती, आणि चौथीच्या पोरांमध्ये तिचा जीव गुंतलेला. ती घाबरली आणि म्हणाली, सायकलवर बाटली ठेवायला जागा नाही, म्हणून पाणी पिणं होत नाही.

झालं! काका पट्टी घेऊन कामाला लागले. होल्डर मोजला, बाटली मोजली, कागदावर आकृती काढली. बाटली मस्त बसली, पण बाहेर काही येईना. वर ओढली की दांडीला अडायची. ओढायला जागा लागते, हे शहाण्या माणसानं मोजलंच नव्हतं. दुसरा होल्डर हँडलला बांधला. पहिल्याच उतारावर बाटली उडाली ती थेट नाल्यात. मग शामच्या सायकलच्या दुकानातून मला आणलं. माझं तोंड बाजूला आहे. चालत्या सायकलवर बाटली आडवी ओढा, प्या, परत सारा. माझ्यात खोट काढून दाखवा, मी मान खाली घालतो.

आता ऐका, काय व्हायचं ते. शाळेत सायकल लिंबाच्या झाडाखाली उभी राहते. समोरच एक दार, त्यावर ठळक अक्षरांत ‘मुली व महिला’ लिहिलेलं आणि खाली गंजलेलं कुलूप. आत मोडके बाक ठासून भरलेले. किल्ली मागितली की हेडसर म्हणायचे, पाहू. मुली मधल्या सुट्टीत घरी पळायच्या. बाईंनी कुठं जायचं? म्हणून बाई सकाळपासून पाण्याचा थेंब तोंडात घ्यायच्या नाहीत. भरून गेलेली बाटली भरूनच परत निघायची.

त्याहून वाईट पुढचं. गावाबाहेरच्या पुलावर भैरवी थांबायची, अख्खी बाटली रस्त्यावर ओतायची आणि रिकामी बाटली माझ्यात सारायची. घरी काका बाटली हलवून बघायचे आणि खूश व्हायचे. होल्डर नीट असला की पाणी कसं आपोआप प्यायलं जातं, म्हणून शेजाऱ्यांनासुद्धा सांगायचे. त्या कौतुकानं माझा नुसता जळफळाट व्हायचा. मला तिचाही राग यायचा. अगं, बोल की एकदा! पण बापाशी असलं बोलायची रीत त्या घरात नव्हतीच.

एप्रिलमध्ये व्हायचं तेच झालं. फळ्यावर लिहितालिहिता भैरवी पोट धरून खाली बसली. दवाखाना, सलाईन, सगळं झालं. घरी आल्यावर काकांनी सुवाच्य अक्षरात राजीनामा लिहिला आणि पुढं केला. तिनं पडल्यापडल्या सही केली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

मग काका स्क्रू ड्रायव्हर घेऊन माझ्यावर आले. म्हणे, हा होल्डरच भिकार. एक स्क्रू अर्धा काढलाही. मग त्यांना वाटलं, रस्त्यावर आपणच एकदा बघावं. शाळेत द्यायचा राजीनामा खिशात घालून, बाटली भरून ते तसेच निघाले. बुटक्या सायकलवर त्यांचे गुडघे छातीला लागत होते. ऊन मी म्हणत होतं. चालता चालता बाटली ओढायचे, प्यायचे, परत सारायचे. शाळा येईतो बाटली संपली.

उतरल्यावर त्यांनी हेडसरांना आधी बाथरूम विचारलं. हेडसर हसून म्हणाले, "जा ना काका भिंतीमागं, तिकडं कोण पाह्यते!"

काका दोन पावलं गेले आणि थांबले. त्या दाराकडे बघितलं, कुलपाकडे बघितलं. मग वळले आणि म्हणाले, "आन् माही पोरगी कुठं जाते?"

हेडसर पुटपुटले, "मॅडमनं कधी लेखी तक्रार नाही केली."

काका दाराच्या पायरीवर बसले. उघडल्याशिवाय उठणार नाही म्हणाले. किल्ली कुणाला सापडेना, शेवटी दगडानं कुलूप तोडलं. बाक बाहेर ओढायला काका स्वतः लागले, शर्ट फाटेपर्यंत. राजीनामा तसाच घामेजून परत घरी आला.

घरी ते भैरवीच्या खाटेजवळ गेले. "मले सांगितलं काहून नाही?"

भैरवी म्हणाली, "कधी सांगू बाबा? तुम्ही होल्डर मोजून राह्यले होते."

काकांनी खिशातला राजीनामा काढला आणि फाडून टाकला.

सोमवारपासून भैरवी पुन्हा शाळेत जाते. माझा तो स्क्रू अजून ढिलाच आहे, दगडांवर मी खडखडतो. खडखडू द्या. पाणी पी, पाणी पी म्हणून तुम्हीही घरातल्या पोरीबाळींच्या मागं लागत असाल. लागा. पण त्या जिथं दिवसभर काम करतात तिथं एकदा तुम्ही स्वतः जाऊन या, आणि जाताना बाटलीभर पाणी पिऊन जा.