डॉक्टरवर अनुमान

आमच्या मंडळाचं नाव ‘खुनी कोण?’ रविवारी दुपारची जेवणं आटोपली की नाशिक, नागपूर, मस्कत, कुठली कुठली मराठी माणसं आपापल्या घरी लॅपटॉप उघडतात आणि एखादा जुना कृष्णधवल रहस्यपट एकाच वेळी पाहतात. काही म्हणायचं असेल तर बोलायचं, नाहीतर बाजूच्या चौकटीत लिहायचं. नियम एकच. पडद्यावरच्या गुप्तहेराला उलगडा झाला, की मंडळ चालवणारी मनस्विनी चित्रपट थांबवते आणि ओरडते, “अनुमान!” मग ज्यानं त्यानं खुन्याचं नाव लिहायचं.

मी बरेच दिवस या मंडळात होतो, पण एक शब्द बोललो नव्हतो. फक्त लिहायचो. त्याला कारण होतं. आमचं घराणं शहाजीराजांच्या काळात इकडं कन्नड मुलखात आलं म्हणतात. घरात मराठी टिकली, पण कन्नडच्या मांडीला मांडी लावून. मी लिहितो ती मराठी मात्र पुस्तकांतून शिकलेली; कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करण्यात जन्म गेला, तेव्हा वाचायला कमी नव्हतं. एकदा पुण्यात एका पुस्तकांच्या दुकानात मी तोंड उघडलं, तर दुकानदार कौतुकानं म्हणाला, “अरे वा, मराठी कुठं शिकलात?” त्यानंतर मी पुस्तकं बोटानं दाखवायला लागलो. मंडळात माझं लिहिणं वाचून लोकांना मी मराठीचा निवृत्त प्राध्यापक वाटायचो. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आणि एक दिवस मनस्विनीनं फोन केला. ती मूळची पुण्याची, व्हाइटफील्डला नोकरी करते. आम्ही दोघं एकाच शहरात राहतो, पण व्हाइटफील्डहून मल्लेश्वरमला येण्यापेक्षा मस्कतहून येणं सोपं, असं ती म्हणते.

“काका, एक सॉलिड कन्नड डिटेक्टिव्ह पिक्चर सापडलाय! पण सबटायटल्स नाहीत. मला कन्नड येतं ते फक्त ‘स्वल्प’ आणि ‘सरी’. तुम्ही लाइव्ह सांगाल? प्लीज?”

मी म्हणणार होतो की विचार करून लिहून कळवतो. पण फोन स्पीकरवर होता आणि शेजारी माझी थोरली बहीण अनुसूयाक्का शेंगा सोलत बसली होती.

“सांगतो की!” अक्का फोनकडं तोंड करून म्हणाली. “घरात दिवसभर गप बसून असतो. जरा बोलू दे त्याला.”

तो आठवडा मी जिभेला शिस्त लावण्यात घालवला. ‘स्वल्प’ नाही, ‘थोडं’. ‘सरी’ नाही, ‘ठीक’. ‘अय्यो’ तर अजिबात नाही. दात घासतानासुद्धा मी प्रमाण मराठीत विचार करत होतो.

रविवारी सगळे जमले. कॉफीच्या मळ्यातला बंगला, मालकाचा खून, डॉक्टर, भाचा, मामी, स्वयंपाकी असे संशयित, आणि शिवकुमार नावाचा गुप्तहेर, जो प्रत्येक संशयिताकडं आधी कॉफी मागतो आणि मग प्रश्न विचारतो. सुरुवातीला मी शब्दाशब्दाला अडखळत होतो. पण हळूहळू जमलं. कुणी हसलं नाही. मला तर वाटलं, पुण्याच्या त्या दुकानदारानं हे ऐकायला हवं होतं.

मग शिवकुमार कॉफीचा पेला ठेवून काहीतरी पुटपुटला. मी सांगितलं, “तो म्हणतो, मला डॉक्टरवर अनुमान आहे.”

“अनुमान!” मनस्विनी किंचाळली आणि चित्रपट थांबला.

“एवढ्या लवकर काहून?” नागपूरचे योगीराज म्हणाले. ते निवृत्त स्टेशनमास्तर, त्यांना वेळेआधी काही आलेलं खपत नाही. तरी सगळ्यांनी नावं लिहिली. बहुतेकांनी डॉक्टर. योगीराजांनी मामी, म्हणाले, एवढं सरळ नसतं.

चित्रपट पुढं सरकला. शिवकुमार भाच्याकडं कॉफी प्यायला. मी सांगितलं, “आता त्याला भाच्यावर अनुमान आहे.”

“पुन्हा? थांबा, थांबा! परत नावं लिहा!”

मग स्वयंपाक्याची कॉफी. स्वयंपाक्यावर अनुमान. मग मामीची. चित्रपट कमी चालत होता आणि थांबत जास्त होता. चौकटीत नावांचा पाऊस. नाशिकच्या एका बाईंनी आधी डॉक्टर, मग भाचा, मग ‘डॉक्टर व भाचा संगनमताने’ लिहिलं. मस्कतहून कुणीतरी कॉफीलाच मत दिलं.

“काका,” योगीराज ओरडले, “हा डिटेक्टिव्ह आहे का मतदार यादी? जो भेटला त्याचं नाव घालून राह्यला!”

मनस्विनी हसून हसून लाल झाली होती. “काका, एक मिनिट. तो एक्झॅक्टली काय म्हणतोय? मामीनं खून केला, असं अनुमान काढलंय त्यानं?”

“काढलं नाही,” मी म्हणालो. “त्याला अनुमान आहे. मामीवर.”

“मामीवर?”

इथं अक्काला राहवेना. मला कोपरानं ढकलत ती पडद्यापुढं आली. “स्वल्प सरक रे हरी. अगं पोरी, अनुमान म्हणजे अनुमान! दुधात पाणी आहे असं वाटतं, तेव्हा दूधवाल्यावर येतं की नाही? तसलं!”

 मग मनस्विनी अगदी हळू म्हणाली, “संशय?”

 संशय! कन्नडमध्ये अनुमान म्हणजे संशय, आणि आमच्या घरातही पिढ्यान् पिढ्या तेच. मराठी पुस्तकांत तो शब्द मी किती वेळा वाचला असेल, तिथं त्याचा अर्थ वेगळा, हे मला ठाऊकही होतं. पण पुस्तक डोळे वाचतात, बोलते ती जीभ. ‘स्वल्प’वर पहारा ठेवला आणि हा शब्द संस्कृतचं सोवळं नेसून पुढच्या दारानं आत आला.

“माफ करा,” मी म्हणालो. “मी प्राध्यापक नाही. आमची बोलायची मराठी ही अशी आहे.”

 पडद्यावरच्या चेहऱ्यांच्या सगळ्या चौकटी मुक्या. झालं, संपलं, असं वाटून मी बाहेर पडायच्या लाल बटणाकडं बोट नेलं.

“अय्यो, त्यांना काय झालं बघ!” अक्का म्हणाली.

मी नीट पाहिलं. योगीराज चौकटीत नव्हतेच, नुसती रिकामी खुर्ची गोल फिरत होती. मनस्विनीनं तोंडात ओढणी कोंबली होती. नाशिकच्या बाई टेबलावर डोकं ठेवून गदगदत होत्या. मला वाईट वाटू नये म्हणून एकूण एक जणानं आपापला आवाज बंद करून घेतला होता.

पहिले योगीराज उगवले, डोळे पुसत. “काका, आजपर्यंत अनेक पिक्चर पाह्यले. पण दर दहा मिनिटांनी मी खुनी बदलला, असं कधी झालं नाही बाप्पा! मामीले मी आता माफ केलं. पुढं सांगा.”

“पण माझी मराठी…”

“तीच पाहिजे,” मनस्विनी म्हणाली. “काका, ती दुसरी पेपरात रोज वाचतो आम्ही. आणि अक्कांनाही बसवा. बायकांचे डायलॉग त्या म्हणतील.”

“सरी!” अक्का पदर खोचून बसली. मामीच्या वाट्याला एका वाक्याचा संवाद होता. अक्कानं त्याची पाच केली. त्यातली चार मामीच्या सुनेविषयी होती आणि पडद्यावर मामीला सूनच नव्हती.

बघता बघता शेवट आला. दिवाणखान्यात सगळे संशयित उभे, शिवकुमारनं वळून एका माणसाकडं बोट केलं, आणि तो माणूस मटकन खाली बसून बोलायला लागला. लांबलचक, रडत, एका दमात. मस्कत, नाशिक, नागपूर, सगळे पडद्याला नाक लावून बसलेले.

“काका, काय म्हणतोय? काका! लवकर!”

एरवी मी आधी मनात वाक्य मांडतो, तपासतो, खोडतो, तोवर समोरचा निघून गेलेला असतो. पण खुनी थांबणार नव्हता. “अय्यो, हा म्हणतो की,” मी सुरुवात केली, आणि मराठी कुठं संपतेय, कन्नड कुठं लागतंय, काही न बघता त्याच्या मागं धावत सुटलो.