दिसेनासा झालेला तुकडा

वर्गातली पोरं तिला मावशी म्हणत. त्याला तिची हरकत नव्हती. धास्ती होती ती पुढच्या बढतीची. चाळिशीचा चष्मा एकदा नाकावर चढला, की मावशीची आजी व्हायला कितीसा वेळ लागतो? म्हणून चष्मा पर्समध्ये आणि पर्स टेबलाखाली. याच हट्टापायी गेल्या वर्षी थर्मामीटर चुकीचं वाचून प्रात्यक्षिकात तिची दांडी उडाली होती. यंदा नाही जमलं तर शिक्षणाचं नाव काढणार नाही, असं घरी ती स्वतःच्या तोंडानं बोलून बसली होती.

यंदा वाट्याला आला काचेचा तुकडा. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात शिरताना प्रकाश किती वाकतो तो आकडा, काढायचा. रीत सोपी. तुकडा टर्पेंटाइनमध्ये बुडवायचा, वरून दालचिनीचं तेल थेंबथेंब घालून ढवळत राहायचं. मिश्रणाचा अपवर्तनांक काचेइतका झाला की तुकडा दिसेनासा होतो. मग तेच मिश्रण उपकरणात घालून आकडा वाचायचा.

तुकड्याच्या कडा पुसट झाल्या आणि गेल्या. मावशीनं डोळे किलकिले केले. काच गेली, की आपले डोळे गेले? सुईचं नेढं रोज असंच गायब व्हायचं. आणखी दोन थेंब घालू, खात्री तरी होईल, म्हणून तिनं घातले, आणि तुकडा ठळकपणे पुन्हा हजर!

परीक्षक बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "काय, झालं का?"

"झालं होतं, बाई. माझाच विश्वास बसला नाही."

"कशावर?"

"डोळ्यांवर."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "टर्पेंटाइन उरलंय ना? मग या माघारी. वेळ आहे अजून."

मावशीनं पर्स वर घेतली, चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि सगळ्यांदेखत नाकावर चढवला.

"आजी!" मागून कोणीतरी पुटपुटलं.

"काय रे बाळा," मान न वळवता ती म्हणाली आणि टर्पेंटाइनचा थेंब सोडला. ढवळलं. आणखी एक थेंब. आता कडा कशा लख्ख दिसत होत्या! मग त्या फिकटल्या. मग परीक्षानळीत नुसतं पिवळसर तेल उरलं.

"बाई," ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की अख्खी प्रयोगशाळा वळून पाहू लागली, "मला काही म्हणजे काही दिसत नाही!"

बाई वाकल्या. नळी दिव्यासमोर धरून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"मलाही नाही," त्या म्हणाल्या. "घ्या आकडा."

आकडा वाचण्याआधी मावशीला चष्मा पुन्हा एकदा पुसावा लागला.