मोहिद्दीनच्या कुशीतली गाठ

रुहानची मुलगी इनाया जन्मली ते वर्ष दोन हजार नऊ. मंदीने दुबईतल्या क्रेन जागच्या जागी थिजल्या होत्या, आणि त्याच सुमारास इनायाच्या आजोबाच्या, मोहिद्दीनच्या, उजव्या कुशीत दुखू लागलं. तिथल्याच इस्पितळात सोनोग्राफीत मूत्रपिंडावर मोठी गाठ दिसली. सर्जन म्हणाले, कर्करोग असावा, मूत्रपिंडच काढून टाकू.

त्याची बायको मैमुनाबी रडली नाही. तिला ती गाठ बघायची होती. सीटी स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टर अनुपमा पुण्याच्या, मराठी बोलणाऱ्या आहेत असं कळल्यावर ती नवऱ्याला घेऊन थेट त्यांच्याकडे गेली. संगणकाच्या पडद्यावर एका मोठ्या गोलात बारके गोल दाटीवाटीने बसलेले.

"ही तर माशाच्या अंड्यांची गाभोळी," ती म्हणाली.

अनुपमा हसल्या. शिरेतून औषध सोडलं की कर्करोगाच्या गाठीतले पडदे बहुधा उजळतात, इथले उजळले नव्हते. किडीची गाठ अशी दिसते. पण कर्करोगही कधी असंच सोंग घेतो, आणि सुई घालून बघावं तर किडीची गाठ फुटून जिवावर बेतायचं. म्हणून त्यांनी विचारलं, "चाचा, मेंढ्या-कुत्र्यांत कधी राहिलात?"

मोहिद्दीनने नकारार्थी मान हलवली. आपण जबल अली बंदरात कंपनीची बस चालवतो, म्हणाला. मैमुनाबी त्याच्याकडे बघतच राहिली. बसच्या आधी तो कित्येक वर्षं बंदराजवळच्या मेंढवाड्यावर होता, हे गावाकडे पोराटोरांनाही ठाऊक. मग हा लपवतोय काय?

"रुहानचे अब्बा, मेंढ्यांचं मी सांगते. कुत्र्याचं तुम्ही सांगा."

तो हळूच म्हणाला, "होता एक, लाल्या. थंडीत माझ्याच गोधडीत निजायचा. कापलेल्या मेंढ्यांची काळजं-फुप्फुसं त्यालाच घालायचो. आपलं घर नमाजी, कुत्रा नापाक, तुला कुठल्या तोंडाने सांगणार?"

"आणि फोनवर म्हणायचात, एकटाच निजतो."

मेंढीच्या काळजातली कीड कुत्र्याच्या पोटात जाते आणि तिची अंडी तिथून माणसाच्या हातातोंडाला लागतात, हे अनुपमांनी समजावलं आणि लगेच सर्जनना फोन लावला. आधी गोळ्या झाल्या, मग जपून नुसती गाठ काढली. तपासणीत ती किडीचीच निघाली. मूत्रपिंड वाचलं.

घरी येताना मैमुनाबीने एवढंच विचारलं, लाल्या घोरायचा का?

लाल्या दोन हजार तीनमध्येच मेला होता. मोहिद्दीन दोन हजार अठराच्या रमजानात गेला, हृदय बंद पडून.