पाच बोटांचा डाग

मित्रांनो, मी एक जुनं लाळेरं आहे. तुम्ही लहान होता तेव्हा जेवायच्या वेळी तुमच्याही गळ्यात माझ्यासारखं काहीतरी बांधलेलं असणार, पण ते तुम्हाला आठवत नाही. आम्हाला मात्र सगळं आठवतं. हनुवटीखाली बसून दुसरं काम तरी काय? वरून काय पडतंय ते बघायचं आणि काळजी करायची. माझा तर स्वभावच काळजीचा.

माझा जन्म एका लॉन्ड्रीत झाला. पुढच्या खोलीत बाबा इस्त्री करायचे, मागच्या खोलीत आई कपडे धुवायची. इस्त्रीच्या टेबलावरची सुती चादर जुनी झाली तेव्हा आईने तिचा एक तुकडा कापला, दुहेरी केला आणि वर दोन नाड्या लावल्या. तुकड्यावर इस्त्रीने भाजल्याचा एक तपकिरी ठिपका होता. आईने तो आतल्या बाजूला घेतला. "डाग तो डाग. लोकांना कशाला दिसायला हवा?" असं ती म्हणाली, आणि तेव्हाच माझ्या मनात पहिली धास्ती बसली.

माझी मालकीण म्हणजे त्यांची लेक. जन्मली तेव्हा इतकी गुटगुटीत होती, की बाबा तिला ढब्बू म्हणू लागले. माझे सुरुवातीचे दिवस मजेत गेले. ढब्बू खायची, सांडायची, मी झेलायचो, आई धुवायची. शाई असो, गंज असो, आईच्या हातून डाग सुटला नाही असं कधी होत नसे. त्यात माझी ती काय कथा!

मग एके दिवशी एका गिऱ्हाईक बाईंच्या पांढऱ्या चादरीला ढब्बूचं केळ्याने बरबटलेलं बोट लागलं. बाईंनी दुकानात चारचौघांसमोर चादर उलगडून दाखवली. "घरातलं पोर आवरत नाही, तर आमचे कपडे काय सांभाळणार तुम्ही?" आईचा चेहरा पडला. तिने चादर पुन्हा धुऊन दिली.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाची रीतच बदलली. ढब्बूला उंच खुर्चीत बसवून पट्टा लावायचा. तिचे दोन्ही हात टॉवेलात गुंडाळायचे. एक घास द्यायचा, लगेच ओल्या फडक्याने तोंड पुसायचं. पुन्हा घास, पुन्हा फडकं. "थांब, हनुवटी. आता गाल. हं, आता गिळ." ढब्बू आधी रडली. मग तिने ओठ घट्ट मिटून घ्यायला सुरुवात केली. चमचा दिसला की मान फिरवायची.

मी दिवसेंदिवस स्वच्छ राहू लागलो. येणारेजाणारे कौतुक करत, "किती नीटनेटकी जेवते हो पोरगी!" ते ऐकून आई सुखावायची आणि माझी काळजी वाढायची. अहो, नीटनेटकी कसली? वाटी जशी भरून यायची तशीच भरलेली परत जायची. हे मला दिसत होतं, पण लाळेऱ्याला तोंड कुठलं असायला!

जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचे पांढरे कोट आमच्याकडेच धुवायला यायचे. तिथे नेल्यावर त्यांनी ढब्बूला वजनाच्या काट्यावर ठेवलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "दोन महिन्यांत वजन जरासुद्धा वाढलेलं नाही. पुढच्या महिन्यात असंच दिसलं, तर हिला इथे ठेवून तपासण्या कराव्या लागतील."

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "अगं, खाऊ दे ना तिला तिच्या हाताने."

"आणि त्या हातांनी सगळीकडे रंगकाम झालं म्हणजे? दुकानाला कुलूप लावून बसायचं का?" आई फटकन बोलली आणि मग तिचेच डोळे भरून आले. त्या दिवसापासून बाबांनी लेकीला ढब्बू म्हणणं सोडून दिलं. ते नाव आता त्यांच्या तोंडून निघत नव्हतं.

एकेक दिवस जात होता. पुन्हा काट्यावर ठेवायला आठच दिवस उरले होते. मी सुकत घातलेला असलो तरी मनात तेच. आज किती घास गेले? तीन? की अडीचच?

एका दुपारी आई ढब्बूला भरवायला बसली. वाटीत उकडून कुस्करलेलं गाजर आणि अंड्याचा बलक होता. एवढ्यात मागच्या खोलीत फट्‌कन आवाज झाला. धुलाईच्या मशीनचा पाइप निसटला होता आणि पाणी धुतलेल्या कपड्यांकडे धावत होतं. आईने पाणी अडवायला हाताला लागेल ते उचललं, आणि हाताला लागला तो नेमका ढब्बूचे हात गुंडाळलेला टॉवेल. बाबाही इस्त्री बंद करून आत पळाले.

ढब्बू, तिचे दोन मोकळे हात आणि समोर वाटी. शेजारच्या खुंटीवर, हाताच्या अंतरावर, डॉक्टरीणबाईंचा इस्त्री केलेला कोट.

माझा तर धीरच सुटला. ढब्बूने एक बोट बुडवलं, चाटलं. मग सगळा पंजाच बुडवला. गाजर नाकाला लागलं, केसांत गेलं, माझ्यावर लोंढेच्या लोंढे आले. आधी मी कोटाच्याच काळजीने अर्धमेला झालो होतो. मग माझ्या लक्षात आलं, की वरून गिळल्याचा आवाज येतोय. एकदा, दोनदा, दहादा. इतके दिवस मी जे ऐकायला आसुसलो होतो तेच ते, आणि मी वेड्यासारखा कोटाकडे बघत होतो!

शेवटी तिने हात पुसले. एक माझ्यावर, एक कोटावर.

आई बाहेर आली ती गुडघ्यापर्यंत भिजलेली. तिने कोट पाहिला आणि जागच्या जागी थिजली. आता काय होणार? फडकं येणार, टॉवेल येणार, ओठ पुन्हा मिटणार. मग तिची नजर वाटीवर गेली. वाटी रिकामी होती. ढब्बूने बोटाला चिकटलेलं शेवटचं गाजर आईच्या तोंडासमोर धरलं. आईने ते खाल्लं आणि तिथेच खाली बसून रडायला लागली.

"अहो, इकडे या लवकर! हिने खाल्लं. सगळं खाल्लं!"

"सगळं?" बाबा धावत आले. "निम्मं तर तिच्या अंगावर दिसतंय."

"निम्मं तर निम्मं! अजून आणा वाटीभर."

दुसरी वाटी संपल्यावर आईने कोट थंड पाण्यात घातला आणि डाग शांतपणे काढला. पण त्या आनंदात तिच्या हातून एक चूक झाली. अंड्याच्या डागाला गरम पाणी लावायचं नाही, हे ती गिऱ्हाइकांना रोज सांगायची, आणि मला तिने उकळत्या चादरींच्या टबात टाकलं. डाग कायमचा पक्का झाला. माझ्या छातीवर पाच इवली बोटं उमटली.

कोट परत देताना तिने खरं ते सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काटा नंतर बघू. निम्मी काळजी माझी आत्ताच मिटली." आठ दिवसांनी काटा थोडासा सरकला. थोडासाच, पण बाबांनी भर दवाखान्यात हाक मारली, "चला ढब्बूबाई, घरी!"

पुढे ढब्बू मोठी झाली आणि मी खणात गेलो. कित्येक वर्षं मला उजेड दिसला नाही. एकदा जुन्या कपड्यांची फडकी करायला आईने मला बाहेर काढलं, कात्रीही उचलली. मी जीव मुठीत धरला. तिने माझ्यावरच्या बोटांवर आपला हात ठेवला आणि कात्री बाजूला ठेवून दिली.

आता मी दुकानातच खिळ्याला असतो. कडेवर मूल घेऊन, डागाळलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन एखादी दमलेली आई येते. हातात बिस्किट असलेल्या मुलाला ती दटावते, "सांडू नकोस हं!" तेव्हा आमची आई मला काढून त्या मुलाच्या गळ्यात बांधते. "सांडू दे गं. डाग काढायला मी आहे ना. तू त्याला खाऊ दे."

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी धाकटं असेल तर त्याला हसू नका आणि प्रत्येक घासाला त्याचं तोंड पुसू नका. कपडे धुता येतात. माझी काळजी मात्र अजून गेलेली नाही. नव्या गळ्यात नाडी बांधली, की माझी धाकधूक सुरू होते. पहिला घास माझ्यावर सांडतो, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडतो.